मार्ग क्रमांक एक, काळी श्रेणी

सान तेल्मोमध्ये डोंगरावरची सायकलिंग चौदा मार्चला, दुपारी सव्वाबारा वाजता, ठराव क्रमांक सात अन्वये सुरू झाली. त्याआधी आमच्याकडचे लोक डोंगरावर नुसतीच सायकल चालवत. ठराव मी टाइप केला. मी नगरपालिकेचा सचिव, होनोरिओ आर्दिला. बावीस वर्षं नोकरी झाली, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

नुसतीच सायकल चालवणाऱ्यांत दोन्या, म्हणजे आमच्या भाषेत बाई, एदेल्मिरा पहिली. ती दवाखान्यातली आरोग्यसेविका. दवाखाना वर गावात, चर्चच्या शेजारी; आणि ला ओया ही नऊ घरांची वाडी खाली नदीकाठी. मध्ये तीनशे वर्षांपूर्वीची दगडी वाट. चार किलोमीटर, अकरा वळणं, डाव्या हाताला दरी. एदेल्मिरा सव्वीस वर्षं ही वाट एका लोखंडी सायकलवरून उतरत होती. कॅरियरला औषधांचा डबा घायपाताच्या दोरीने बांधलेला असे. वर येताना सायकल ढकलत यायची.

ती दोरी ला ओयातल्या एलिएसेर आजोबांनी वळलेली. आजोबांना मधुमेह, डाव्या तळपायाला जखम. दर दुसऱ्या दिवशी एदेल्मिरा ती धुऊन बांधायची. एवढीच त्या वाटेची तोवरची उपयुक्तता.

फेब्रुवारीत राजधानीचे चार सायकलस्वार जपून, दगड दगड बघत ती वाट उतरत होते. तेवढ्यात मागून एप्रन घातलेली एक बाई आली, "सरका हो जरा, पेशंट थांबलाय," म्हणाली आणि चौघांच्या मधून निघून गेली. एकाच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. तो व्हिडिओ आठवड्याभरात इतक्या लोकांनी पाहिला की महापौर रुबिएल गाल्विस यांनी मला बोलावून घेतलं.

"होनोरिओ, आपल्याकडे अशी वाट आहे?"

"आहे साहेब. आपण तिच्यावरूनच शाळेत यायचात."

"मग इतकी वर्षं कुणी कळवलं का नाही?"

ठराव झाला. सल्लागार आले. फेदेरिको उर्दानेता त्यांचं नाव. तीन दिवस त्यांनी उतार मोजला आणि चौथ्या दिवशी अहवाल दिला की ही वाट काळ्या श्रेणीची, म्हणजे अत्यंत अवघड आहे. पुढे-मागे शॉक ॲब्सॉर्बर असलेली सायकल, तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना ढाली आणि काळ्या श्रेणीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणालाही तिच्यावर सोडणं म्हणजे मनुष्यवध. वर फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडे आली.

दुसऱ्याच दिवशी एदेल्मिरा ऑफिसात आली. सल्लागार माझ्याच टेबलाशी बसले होते.

"मी चालत जाते मग," ती म्हणाली.

"चालणाऱ्यांमुळे सायकलस्वारांना धोका आहे," सल्लागार म्हणाले.

"आणि जीपच्या रस्त्याने? एकतीस किलोमीटरचा वळसा आहे, जीप फक्त रविवारी जाते."

"उत्तम. म्हणजे पर्यायी व्यवस्था आहे."

"अहो, मी सव्वीस वर्षं उतरतेय तिथून."

सल्लागारांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडली आणि सांगितलं की चौदा मार्चपूर्वी मार्ग अस्तित्वात नव्हता, त्यामुळे त्याआधीचा अनुभव मार्गावरचा धरता येत नाही. वाक्य निर्दोष होतं. माझ्या दोन्ही मुलींच्या लसी एदेल्मिराने टोचल्या आहेत.

"प्रमाणपत्र कुठे मिळतं, होनोरिओ?"

प्रमाणपत्राचा वर्ग पाच दिवसांचा होता. पहिल्या दिवशी खुद्द सल्लागारांनी पडद्यावर एक व्हिडिओ दाखवला. "बघा, शरीराचं वजन मागे. ब्रेकवर एकच बोट. नजर पुढच्या वळणावर. याला म्हणतात आदर्श उतरण." एदेल्मिराने हात वर करून सांगितलं की ती बाई मीच. सल्लागार म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

भाड्याची सायकल घेऊन, ढाली घालून तिने प्रात्यक्षिक परीक्षा दिली. सातव्या वळणावर एक ओळखीची गरोदर बाई कुंपणाशी उभी होती. एदेल्मिरा थांबली, तिच्या सुजलेल्या पायांवर बोट दाबून बघितलं, मीठ बंद करायला सांगितलं आणि पुढे निघाली. निकालपत्र मीच टाइप केलं. अनुत्तीर्ण. कारण: मार्गावर अनावश्यक संभाषण.

आता मलमपट्टी आठवड्यातून एकदा, रविवारच्या जीपने व्हायला लागली. बाकी ला ओयाची भरभराट सुरू होती. नऊही घरांना चुना लागला, दारं निळी झाली. एलिएसेर आजोबांचं घर 'दर्शनीय स्थळ' ठरलं. त्यांनी दारात बसून दोरी वळायची आणि सायकलस्वारांनी फोटो काढायचे. पाहणीला महापौर स्वतः गेले, मी सोबत होतो. सल्लागारांना फक्त पाय खटकला.

"हे बँडेज काढावं लागेल. अठराव्या शतकात बँडेज नव्हतं."

"मधुमेह होता का?" आजोबांनी विचारलं.

"निदान तरी होत नव्हतं."

शेवटी तडजोड झाली. पायावर हातमागाची घोंगडी टाकायची. घोंगडी नगरपालिकेने दिली. आजोबा मला हळूच म्हणाले, "फार गरम होतं हो हिच्यात. एदेल्मिराला सांगा." मी नोंद घेतली.

मेमध्ये उद्घाटनाची शर्यत झाली. सहा देशांचे स्पर्धक, बँड, वर फाटकाशी आणि खाली ला ओयात वेळ मोजणारी यंत्रं. स्पर्धक एकेक करून सोडायचे होते. यादी आणि किल्ली माझ्याकडे. नवव्या क्रमांकानंतर बघतो तर समोर एप्रन घातलेली एदेल्मिरा, लोखंडी सायकल, मागे डबा.

"दोन्या एदेल्मिरा, तुमचं नाव यादीत नाही."

"पायाला वास यायला लागलाय, असा निरोप आलाय होनोरिओ."

मी यादी पुन्हा वाचली. वरून खाली, सावकाश, प्रत्येक नावावर बोट ठेवून. मान वर केली तेव्हा ती पहिल्या वळणावर पोचली होती. नोकरीत मी केलेलं एवढं एकच बेकायदा काम, आणि तेही वाचनाच्या स्वरूपात.

तिने वाटेत तिघांना मागे टाकलं. खाली फीत होती, ती तोडून ती न थांबता आजोबांच्या दारात गेली आणि घोंगडी बाजूला केली. तीन बोटं काळी पडली होती, तांबूस रेघ घोट्याच्या वर चढत होती. दहा पावलांवर ॲम्ब्युलन्स उभी होती.

"ही फक्त स्पर्धकांसाठी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मग मी स्पर्धक. मी पडले म्हणा, आणि माझ्या जागी यांना घ्या."

सल्लागार धावत आले. त्यांनी यादी मागवली. नाव नव्हतं, त्यामुळे ती पडूही शकत नव्हती. एदेल्मिरा ॲम्ब्युलन्सच्या पुढे जमिनीवर बसली आणि आजोबांचं डोकं तिने मांडीवर घेतलं. लोकांनी फोटो काढले. बक्षीससमारंभ संपल्यावर, स्पर्धक सुखरूप असल्याचं लेखी आल्यानंतर ॲम्ब्युलन्स मोकळी झाली. त्याला पावणेतीन तास लागले.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे आधी आले असते तर एखाद्या बोटावर भागलं असतं.

चौकशी झाली. 'विनापरवाना विक्रम' या आरोपाखाली एदेल्मिराची सायकल जप्त करून वस्तुसंग्रहालयात ठेवली गेली. खालची पाटी मी लिहिली: 'स्थानिक स्त्रीची पारंपरिक सायकल.' चौकशीत ती एकच वाक्य बोलली, "सायकल ठेवा, डबा द्या." डबा घेऊन ती रविवारच्या जीपने ला ओयात गेली ती तिथेच राहिली. आजोबांच्या शेजारच्या खोलीत राहते. राहण्याला अजून श्रेणी लागू झालेली नाही.

वरच्या दवाखान्यात तिची जागा रिकामी आहे. जाहिरात तीनदा दिली. अटींमध्ये काळ्या श्रेणीचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे अर्ज फक्त सायकलपटूंचे येतात. माझ्या बायकोचा रक्तदाब हल्ली मीच बघतो, अंदाजाने.

पर्यटक मात्र वाढले. आजोबांच्या दारात गर्दी असते. घोंगडी आता एकाच बाजूला फुगते, पण फोटोत ते कळत नाही. येणारा प्रत्येक जण संग्रहालयात त्या सायकलपुढे थांबून मला एकच प्रश्न विचारतो. पायाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही हे वाचता वाचता मघापासून तेच मनात धरून बसला असाल, म्हणून सांगून टाकतो.

अकरा मिनिटं, बावीस सेकंद.