दोन माणसांची फोडणी

गजभियेभाऊंच्या घरात फोडणी द्यायला दोन माणसं लागत. एक शेगडीपाशी आणि दुसरा हॉलमध्ये स्टुलावर उभा, छताच्या स्मोक अलार्मला टॉवेलनं वारा घालत. तेल तापलं की भाऊ आतून ओरडत, "टॉवेल रेडी?" स्टुलावरून "रेडी" आल्याशिवाय मोहरी तेलात पडत नसे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, ओहायोमधल्या एका लहान कॉलेजच्या गावातली. मी परभणीहून एम.एस. करायला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे परदेशात खोली कशी शोधायची हे विचारायलाही कुणी नव्हतं. विद्यार्थी मंडळाच्या यादीत भाऊंचं नाव सापडलं. नागपूरचे, पीएच.डी.चं सातवं वर्ष. तळमजल्यावर दोन खोल्या, वर घरमालकीण बाई.

"तीन दिवस ट्रायल," भाऊ दारातच म्हणाले. "जमलं तर राह्यजो. घर म्हणजे शिस्त, बाप्पा!"

मग त्यांनी मला लीजची बारा पानं उभ्यानं वाचून दाखवली. का कोण जाणे, मीही उभाच राहिलो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि अलार्म परत वाजला, तर बाई घर खाली करायला लावणार.

"मग फोडणीपुरता त्याचा सेल काढून ठेवला तर?" मी चाचरत विचारलं.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बाईंच्या घरी चोरी करायला सुचवत होतो. "अन् लीजवर सही कोणं केली? माह्या भुतानं?"

माझ्याकडे जायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे ते तीन दिवस मी पाहुण्यासारखा वावरलो. फोडणीच्या वेळी सांगितल्याबरोबर टॉवेल घेऊन स्टुलावर चढायचो. बॅग रिकामी केलीच नाही. दात घासून झाले की ब्रशसुद्धा परत बॅगेत ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी माझा क्लास लवकर सुटला. भाऊ लॅबमध्ये होते. वाटलं, ते येईपर्यंत वरण करून ठेवू, म्हणजे ट्रायल नक्की पास. तेल तापलं. "टॉवेल रेडी?" मीच विचारलं. "रेडी," मीच म्हटलं. मोहरी, लसूण, लाल मिरची टाकली आणि स्टुलाकडे धावलो.

अर्ध्या वाटेतच अलार्म किंचाळायला लागला. टॉवेल हलवला तर मागे लसूण जळू लागला. शेगडीकडे पळालो तर अलार्म आणखी चेकाळला. ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात जिन्यावर बाईंची पावलं वाजली आणि त्याच वेळी सायकलचं हेल्मेट घातलेले भाऊ दारात उभे राहिले.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते बाईंकडे वळले. "सॉरी मॅम. माय मिस्टेक."

"धिस इज युअर लास्ट वॉर्निंग!" बाई खोकत वर गेल्या.

"पाच वर्षांपासून लास्टच आहे," भाऊ पुटपुटले. तोवर मी खोलीतून माझी बॅग उचलून आणली होती. त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. "कुठं चालला बे?"

"नापास झालो ना, भाऊ. ट्रायलमध्ये."

"बस खाली. वरण थंड होऊन राह्यलं."

मी बसलो. लसणाचा कोळसा झाला होता. भाऊंनी तो बाजूला काढला नाही, सरळ खाल्ला. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही त्यांना सुचलं नाही. तिसऱ्यांदा वरण वाढून घेतल्यावर ताटाकडे बघतच म्हणाले, "मे महिन्यात माह्ये दोन्ही रूममेट पोट्टे व्हर्जिनियाला नोकरीवर गेले. तेव्हापासून तू येईपर्यंत बिनफोडणीचंच खाऊन राह्यलो होतो मी."

मी त्यांच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

"एकट्यानं होत नाही ना ते," ते म्हणाले. "तू तं पाह्यलंच आता."

जेवणानंतर मी खोलीत जाऊन पहिल्यांदा सगळे कपडे कपाटात लावले. तेवढ्यात हॉलमधून ठकठक ऐकू आली. जाऊन पाहतो तर भाऊ स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते. त्यांनी त्यावर टॉवेल अडकवला.

"हा तुझा."

"पण भाऊ," मी भीत भीत म्हटलं, "लीजमध्ये खिळा..."

"माहीत आहे," भाऊ म्हणाले आणि खिळ्यावर आणखी एक हातोडा मारला.