सावरटोला स्टेशनाची घंटी

छोटी लाइन उखडली, नवं स्टेशन गावाबाहेर गेलं आणि सावरटोल्याच्या जुन्या बाजारात गिऱ्हाईक दिसेनासं झालं. स्टेशनासमोरच्या कापडदुकानात प्रफुलभाऊ त्याच साड्या उलगडायचे आणि पुन्हा त्यांच्याच घड्या घालायचे. शेवटी तालुक्याला चपला झिजवून त्यांनीच 'जुनं स्टेशन सजवा, बाजार जगवा' ही योजना ओढून आणली. भिंतींना रंग लागला, फलाटावर बाकं आली. आता नागपूरचे साहेब उद्घाटनाला येऊन गर्दी बघणार होते.

"गर्दी दिसली तं पुढचं काम मंजूर," प्रफुलभाऊंनी बायकोला सांगितलं. "नाई तं रिना, दुकानाले कुलूप लाव."

म्हणून कार्यक्रम त्यांनी मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवला. माणसं अशी लोटली की साहेबांना फलाटावर चढायला वाट मिळेना.

"वा! बाजार जिवंत झाला की हो!" साहेब म्हणाले. प्रफुलभाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"साहेब, फीत तं कोनीबी कापते. तुमी घंटी वाजवा जी!" असं म्हणून त्यांनी साहेबांच्या हाती हातोडी दिली.

घंटी म्हणजे फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा. गाड्या बंद झाल्यापासून सावरटोल्यात तो एकाच कामाला वाजायचा. वाघ आला, घरात घुसा! शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. प्रफुलभाऊंनाही ठाऊक, गेल्या पावसाळ्यात त्यांनीच तर ती वाजवली होती. पण माणूस हरखला की कसलं काय आठवतं!

साहेबांनी दणादण टोले हाणले.

"वाघ आला वो माय!"

टोपल्या जागच्या जागी राहिल्या, माणसं पसार. शटरं धडाधड खाली आली. सगळ्यांत पुढे कोण पळालं म्हणता? प्रफुलभाऊ! सापडतील तेवढ्या बायाबापड्या आत ओढून त्यांनी दुकान बंद केलं. फलाटावर उरले साहेब, आणि खाली कुणाच्या तरी टोपलीतली वांगी खाणारी एक गाय.

आत दम खाता खाता प्रफुलभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला. वाघ कुठला, घंटी आपणच वाजवायला लावली! ते शटर उचलणार, तोच भागीरथाबाई म्हणाल्या, "भाऊ, वाघ जाईपावतर बसूनच राह्याचं हाये, तं ते हिरवी साडी दाखवा न जी."

"मले ते पिवळी," दुसरी म्हणाली.

प्रफुलभाऊंचा हात शटरवरून आपोआप साडीवर गेला. वाघाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. बघता बघता दुकानात साड्यांचा ढीग पडला. दिवाळीलाही असं गिऱ्हाईक कधी बसलं नव्हतं.

तेवढ्यात शटर दणाणलं.

"अहो, उघडा! कुठे गेले सगळे? वाघबिघ काही नाही, मीच घंटा वाजवली!" बाहेरून साहेब ओरडले.

"वाघ नाई?" भागीरथाबाई उठल्याच. "मंग राहू द्या साडी. माही वांगी रस्त्यावर पडून हायेत."

बाया भराभर चपला शोधू लागल्या. प्रफुलभाऊंनी शटर वीतभर उचललं, डोकं बाहेर काढलं आणि हात जोडले.

"साहेब, पुढचं काम गेलं खड्ड्यात. पन एकडाव आनखी वाजवा न जी ते घंटी!"