कॉम्प्युटर बंद करायचा नाही

वसंतरावांच्या कॉम्प्युटरवर 'रीस्टार्ट करा' अशी सूचना आली ती नेमकी त्यांच्या दहाव्याच्या दिवशी. त्यांच्या मुलीनं, मनस्विनीनं, घाबरून दुरुस्तीवाल्या रियाजला फोन लावला.

"हात लावू नका, ताई," तो धर्माबादहून म्हणाला. "नवीन कर्नल आला असंल. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा पाया. सरांनी कटिंग मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, जुन्या पायावर बसवलाय. पाया बदलला की मशीन गेलं. तसला ड्रायव्हर आता कुठंच भेटत न्हाई."

"नुसता बंद केला तर?"

"चालू करताना नवाच उठंल. बहिणीचं लग्न उरकून मी येतोच."

लातुरातल्या क्लासच्या पाट्यांची अक्षरं त्या मशीनवर कापली जात. मायलेकींचं घर त्यावरच चालणार होतं, आणि ड्रायव्हर बसवणाऱ्याला आता विचारता येत नव्हतं.

सोळा दिवस मनस्विनी आणि तिची आई लताबाई, दोघींनी कॉम्प्युटर आजारी माणसासारखा सांभाळला. पाळीपाळीनं उशाशी बसल्या. वीज गेली की इन्व्हर्टर पुरावा म्हणून पंखे बंद करायच्या. भेटायला आलेले घामानं निथळायचे आणि लवकर उठायचे.

सतराव्या दिवशी रियाज वाटेत असताना शेजारच्या उमादेवी आल्या. लताबाईंची नजर इन्व्हर्टरवरून हलेना.

"लई खचलीस गं," म्हणत उमादेवी मायेनं जवळ सरकल्या. पाय वायरीत अडकला. पिन निघाली. स्क्रीन काळी झाली.

रियाज आला तेव्हा तिघी तशाच बसल्या होत्या. त्यानं बटण दाबलं, कॉम्प्युटर उठल्यावर मशीनला एक अक्षर कापायला दिलं. मनस्विनीनं आईचा हात घट्ट धरला. मशीन करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं आणि एक स्वच्छ 'क' कापून बाहेर आला.

रियाज स्क्रीनकडं बघतच राहिला. "काकू, सरांनी कर्नल आधीच रोखून ठेवलाय. बदलतच न्हाई. ती सूचना दुसऱ्याच कशाची तरी होती. मी न बघताच बोललो."

"आम्ही सोळा दिवस उकडून निघालो, रियाज," लताबाई म्हणाल्या.

तो खाली मान घालून सरांनी रोखून ठेवलेल्या गोष्टींची यादी वाचू लागला. "कर्नल. ड्रायव्हर. आन्..." तो अडखळला. "पत्त्यांचा खेळ."

"खेळ?"

"हाव. जुना हाय तसाच राहावा म्हणून."

"रोज दुपारी दार लावून बसायचे," लताबाई सावकाश म्हणाल्या. "अर्जंट काम आहे म्हणायचे. मी चहासुद्धा दाराशी ठेवायची."

मनस्विनीला हसू आलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदाच.

"हा खेळ मोकळा करू का, काकू? अपडेट झाला तरी काय बिघडत न्हाई."

"नको," लताबाई म्हणाल्या. "त्यालाही काही होऊ देऊ नको."