मेहेरभाऊंची भली माणसं

मेहेरभाऊंच्या खोलीत एकही खिळा नव्हता. शर्ट दोरीवर, आरसा सुतळीनं बांबूला बांधलेला, खिडकीचे लोखंडी गज चिंध्या गुंडाळून झाकलेले. तवा आणि विळी बाहेर पडवीत. मी कुंभवलीच्या त्या चाळीत राहायला आले आणि पहिल्याच दिवशी घड्याळासाठी भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तर शेजारून हे गृहस्थ धावत आले. भिंत आमची सामाईक होती.

"नका बाई, नका! लोखंड नाय चालत त्यांना."

"कोणाला?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भल्या माणसांना."

माझं घड्याळ मी चाळ सोडेपर्यंत टेबलावर उताणं पडून होतं.

भली माणसं म्हणजे पऱ्या. विलायतेतल्या पऱ्या. त्यांना तोंडावर परी म्हटलेलं खपत नाही, भली माणसं म्हणायचं, असा त्यांचा कायदा. हे मेहेरभाऊंना कुठून कळलं? तर माझ्याकडूनच. मी बोईसरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि हे रोज संध्याकाळी कागदाचा एखादा कपटा घेऊन दारात उभे. "बाई, ह्याच्यात काय लिवलंय?" मी कंटाळून वाचून दाखवायचे. मी जे विसरून जायचे ते हे गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून पाळायला लागायचे. उंबऱ्यावर दुधाची बशी ठेवायची, असं एकदा वाचलं. चाळीतलं मांजर त्या दुधावर असं माजलं की त्याला पायऱ्या चढवेनात. "मांजर पितंय हो ते," मी म्हटलं. मेहेरभाऊ म्हणाले, "पिऊ द्या. आपण ठेवलं ना? कायदा हाय त्यांचा." बुधवारी मात्र बशीत दुधाऐवजी सुके बोंबील असायचे. रोज रोज दूध कोण पिणार, असं त्यांचं म्हणणं. मूळचे सातपाटीचे मासेमार.

होडी सोडून ते तारापूरच्या वसाहतीत एका कागद गिरणीत मुकादम झाले होते. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. त्या गिरणीत विलायतेतून रद्दीचे गठ्ठे यायचे. मासिकं, शुभेच्छापत्रं, मुलांची पुस्तकं. बायका गठ्ठे फोडून पिना आणि प्लास्टिक वेगळं काढायच्या, उरलेलं पाण्याच्या टाकीत जाऊन त्याचा लगदा व्हायचा. त्या देशाला पऱ्यांचं भलतंच वेड असावं. एवढे शिकलेसवरलेले लोक, पण बिस्किटांच्या वेष्टनावर परी, वाढदिवसाच्या कार्डावर परी, मोठ्या माणसांच्या कॅलेंडरात महिन्याला एक परी. मेहेरभाऊ टाकीच्या तोंडाशी उभे राहून त्यांना बाहेर ओढायचे. गिरणीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, "मुकादमाच्या सासरची मानसं आली!"

ही चित्रं भाताच्या खळीनं भिंतीवर चिकटवलेली असत. गोऱ्या, गुबगुबीत, फुलावर बसलेल्या पऱ्या दाराजवळ. त्यांच्यावर मेहेरभाऊंचा विश्वास नव्हता. "ह्या साबनाच्या जाहिरातीतल्या." अलीकडच्या चित्रांत वेगळीच जात येऊ लागली होती. मातकट तोंडं, मुळांसारखी बोटं, चतुराचे विटके पंख, डोळ्यांत खोडी. मला ती बघवत नसत. मेहेरभाऊंनी ती आतल्या भिंतीवर मानानं लावली होती. "ह्या खऱ्या," ते म्हणायचे. "चेहरा बघा ना. आपल्यासारखा हाय."

त्या भिंतीखाली गोधडीवर हंसा बसलेली असायची.

हंसा त्यांची मुलगी. मी पाहिली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. मान एका बाजूला, तोंडातून लाळ, शब्द एक नाही. पाच वर्षांची होईतो ती सातपाटीच्या बंदरावर पोपटासारखी बोलत फिरायची म्हणे. एकदा खाडीकाठी खेळून आली आणि तापानं फणफणली. ताप मेंदूत गेला. इस्पितळातून घरी आणली तेव्हा आईनं, जमुनानं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही माजी नाय. माजी साती आसरांनी नेली, आनि ही ठेवली." पाण्यातल्या त्या सात देवता पोरं नेतात, हे किनाऱ्यावर कोणाला नव्यानं सांगावं लागत नाही. जमुना काही वर्षं त्या पोरीला भरवत राहिली, मग एक दिवस भावाकडे निघून गेली. मला ती बाई वाईट वाटली नाही. तिला तिचीच पोर हवी होती.

मेहेरभाऊंना बायकोचं पटलं होतं की नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही. मग एका गठ्ठ्यातून एक चित्र आलं. पाळण्यातलं बाळ उचलून नेणाऱ्या पऱ्या, आणि त्याच्या जागी ठेवलेलं एक सुरकुतलेलं, वाकडं पोर. मी खालची ओळ वाचली आणि सांगितलं, तिकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे पऱ्या माणसाचं मूल नेतात आणि आपलं ठेवून जातात.

त्यांनी चित्र माझ्या हातातून ओढून घेतलं. "म्हंजे तिकडं पन नेतात!"

"समजूत आहे हो."

"साहेब लोकांनी छापलंय, बाई."

त्यापुढे त्यांचं सगळं गणित बसलं. आपल्याकडे साटंलोटं करतात, म्हणजे आपली मुलगी त्या घरी द्यायची आणि त्यांची आपल्याकडे करायची. तुम्ही आमच्या पोरीला उपाशी ठेवलंत तर तुमचीही इकडे उपाशी राहते. मेहेरभाऊंच्या लेखी हे तेच होतं. "त्यांची माझ्याकडं, माजी त्यांच्याकडं. मी हिला नीट ठेवली, तर ते माजीला नीट ठेवतील." म्हणून हंसाला पहिला घास, हंसाला मऊ गोधडी, आणि नाल्याचा वास यायला लागला की हंसाच्या नाकाला ओला रुमाल. वसाहतीचा तो नाला कधी हिरवा वाहायचा, कधी तांबडा, आणि त्याच्या वासानं आम्हा धडधाकट माणसांची डोकी धरायची.

आणि ती चित्रं? मला वाटायचं, म्हाताऱ्याचा छंद. एकदा ते एका मातकट परीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत होते. मी विचारलं तेव्हा सहज म्हणाले, "हनुवटी जमुनासारखी हाय. पन वयानं लहान. माजी आता मोठी झाली असंल." दर गठ्ठ्यात ते आपली मुलगी शोधत होते. मी घरी येऊन भाताचा कुकर लावला आणि लाज सोडून रडले.

मग जमुना आली, बरोबर भाऊ, काशिनाथ. एका पाड्यावरच्या भगतानं सांगितलं होतं, पोरीला तापल्या विळ्याचे डाग द्या, म्हणजे ठेवलेली निघून जाईल आणि खरी परत येईल. काशिनाथानं गाडीही ठरवली होती. मेहेरभाऊंनी हातापाया पडून रविवारपर्यंत थांबवलं. गिरणीत नुकतंच एक जाडजूड, पुठ्ठा नसलेलं पुस्तक सापडलं होतं, त्यात भल्या माणसांचे सगळे कायदे होते. "ज्यांचं दुखनं, त्यांच्याकडंच इलाज असंल," ते म्हणाले. "पुस्तक सांगंल ते करू. मी आडवा येनार नाय."

मी त्यांना परोपरीनं सांगितलं की डॉक्टर काय ते सांगतील, पुस्तक नाही. कोण ऐकतो?

रविवारी सकाळी पडवीत आम्ही बसलो. हंसा बापाला टेकून. मी पान शोधलं, वाचलं, आणि आत बोट ठेवून पुस्तक मिटलं. काशिनाथ म्हणाला, "वाचा ना बाई. काय लिवलंय?" लिहिलं होतं ते असं: बदललेलं मूल तापल्या फावड्यावर धरावं, नाहीतर ओहोटीच्या वेळी काठावर टाकून यावं. त्याचं रडणं ऐकून त्याची माणसं धावत येतात, आपलं घेऊन जातात आणि खरं परत करतात. मी ते तसंच सांगितलं. पुस्तकात आहे त्याहून वेगळं सांगायची सवय नाही मला, पण त्या दिवशी असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"बघा!" काशिनाथानं मांडीवर थाप मारली. "भावोजी, साहेब पन तेच करतो. उठा."

मेहेरभाऊ उठले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आनि बाई, ती भाजलेली पोर? तिचं पुढं काय झालं?"

मी पान उलटलं, पुढचं उलटलं. "ते नाही दिलेलं."

"कोनीच नाय विचारलं?"

हंसानं बापाच्या सदऱ्याची बाही तोंडात धरली होती.

"जमना," ते बायकोकडे वळले, "हिला डाग दिला, तर तिकडं आपलीला देतील ना ग?"

जमुनानं हंबरडा फोडला. "मना माजी पायजे वो!"

"माजीचंच बोलतोय मी," मेहेरभाऊ म्हणाले. काशिनाथानं बहिणीला उठायला सांगितलं, ती जागची हलली नाही, तेव्हा तो गाडीवाल्याला शिव्या देत एकटाच गेला. जमुना संध्याकाळपर्यंत थांबली. जाताना तिनं हंसाच्या डोक्याला बोटं लावली आणि लगेच काढून घेतली. ते पुस्तक मेहेरभाऊंनी दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं लगद्याच्या टाकीत टाकलं.

पुढच्या थंडीत हंसाला न्यूमोनिया झाला. पालघरच्या इस्पितळात नेली, बापानं तिचा हात सोडला नाही, आणि ती गेली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. कोणी म्हणालं, मेहेर सुटला.

दिवसकार्य झाल्यावर मी चहा घेऊन गेले. मेहेरभाऊ आतल्या भिंतीसमोर बसले होते. मीही तेच बोलले, सगळे बोलत होते ते. ते ऐकत नव्हते. घाबरले होते. माणूस दुःखानं कसा दिसतो ते मी पाहिलेलं होतं, हे भय होतं.

"बाई, त्यांची पोर माझ्या हातात मेली," ते म्हणाले. "आता ते माजीला काय करतील?"

मी चहा पुढे केला, त्यांनी तो पाहिलाही नाही.

"मी काय पन केलं नाय तिला. तापानं गेली. त्यांना सांगा ना. मला त्यांची भाषा येत नाय."

मी कप खाली ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्या मातकट चेहऱ्यांना इंग्रजीतून सगळं सांगितलं. तुमची मुलगी या घरात कशी होती, काय खायची, कोणाच्या मांडीवर झोपायची, शेवटी तिचा हात कोणी धरला होता. मेहेरभाऊ शेजारी हात जोडून बसले होते. मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्या पदराला हळूच हात लावला.

"हसायची पन कदी कदी," ते म्हणाले. "ते राहिलं, बाई. ते पन सांगा."