बसकी गाडी आणि तिची तपासणी

आन्सेल्म कुर्तियाद यांची गाडी टणक झाली होती. ओरियाक शहराच्या वाहन नियम विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाच्या गाडीने असं वागणं शोभणारं नव्हतं. लोण्यावरून सुरी फिरावी तशी खड्ड्यांवरून जाणारी ती जुनी, तेलाच्या दाबावर तरंगणारी गाडी आता रस्त्यावरचा प्रत्येक दगड आत बसलेल्यांना मोजून दाखवू लागली होती.

त्यांच्या सासूबाई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या लेओकादी, यांच्या पाठीचा मणका गेल्या हिवाळ्यात दबला होता. दुसऱ्या कुठल्याही गाडीत त्यांना दहा मिनिटं बसवत नसे. आणि शनिवारी फिझाकला त्यांच्या थोरल्या बहिणीचा नव्वदावा वाढदिवस होता. त्यात गाडीच्या तपासणीची मुदत शुक्रवारी संपत होती.

गॅरेजवाल्या मादाम व्हियाल यांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली. गाडी हलली नाही.

"गोळे गेलेत," त्या म्हणाल्या. "चार चाकांवर चार लोखंडी गोळे असतात. आत मधोमध रबरी पडदा. एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल. वायू निसटला की गाडीची बैलगाडी होते. मंगळवारी आणा, अर्ध्या तासात बदलून देते."

"अर्ध्या तासाचं काम असेल तर मीच करीन म्हणतो."

"माझ्यासाठी अर्धा तास, मस्यू कुर्तियाद," मादाम म्हणाल्या आणि चार नवे गोळे त्यांच्या हवाली केले.

आन्सेल्मनी थेट पान्याला हात घातला नाही. त्यांनी आधी नऊ पानी टिपणी लिहिली. तिचे तीन भाग होते : 'विषयप्रवेश', 'गोळ्याची व्याख्या' आणि 'जबाबदारी निश्चिती'. बायको सोलांज ती वाचून म्हणाली, "यात स्क्रू कुठला काढायचा ते नाही रे."

"ते अंमलबजावणीत येतं," आन्सेल्म म्हणाले.

मंगळवारी अंमलबजावणी झाली. इंजिन बंद करून त्यांनी दाब सोडायचा स्क्रू सैल केला. फुस्स झालं आणि गाडी हळूहळू, एखाद्या जाडजूड बाईने खुर्चीत टेकावं तशी, खाली बसली. ती अवजारांच्या पेटीवर बसली. पेटी त्यांनीच गाडीखाली सरकवली होती आणि नव्या गोळ्यांच्या रबरी रिंगा तिच्यातच होत्या. एव्हाना पुढचा एक गोळा त्यांनी वरून उघडून काढलाही होता.

आन्सेल्मनी शांतपणे विचार केला. इंजिन चालू केलं की पंप दाब भरतो. दाब भरला की गाडी उठते. गाडी उठली की पेटी सुटते. विचारात कुठेही खोट नव्हती. त्यांनी स्क्रू परत आवळला आणि किल्ली फिरवली.

गोळ्याच्या रिकाम्या जागेतून हिरव्या तेलाचं कारंजं उडालं. छत, भिंत, दोरीवरच्या सोलांजच्या चार चादरी आणि ताठ बसलेले आन्सेल्म, सगळे एका रंगाचे झाले.

सोलांज दारात आली.

"हा कितवा भाग म्हणायचा?" तिने विचारलं.

मादाम व्हियाल आपला जॅक घेऊन आल्या. गाडी उचलून त्यांनी पेटी ओढून काढली, पट्ट्याच्या पान्याने उरलेले गोळे सोडवले, रिंगा तेलात बुडवून बसवल्या, नवे गोळे नुसत्या हाताने आवळले, तेल भरलं. बावीस मिनिटं लागली. गाडी परत तरंगू लागली. सासूबाई मागच्या सीटवर बसून नुसत्याच वरखाली डोलत राहिल्या. त्यांना उतरायचंच नव्हतं.

"मात्र एक," मादाम म्हणाल्या, "जुनी गाडी आहे. इंजिन बंद केलं की तासाभरात खाली बसणार. तो दोष नाही, स्वभाव आहे."

शुक्रवारी तपासणी केंद्रात तरुण तपासनिसाने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, पहिल्या रकान्यात खूण केली आणि घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. तो जेवायला गेला. दोन वाजता परतला तेव्हा गाडी जमिनीला पोट टेकून बसली होती.

"उंची कमी भरते."

"अहो, इंजिन चालू करा, उठेल ती!"

"उंची इंजिन बंद ठेवून मोजायची असते. मध्येच इंजिन चालू केलं तर तपासणी रद्द. नवी तारीख घ्यावी लागेल. तीन आठवड्यांनंतरची आहे."

"असला नियम कुठल्या गाढवाने केला?" आन्सेल्म ओरडले.

तपासनिसाने परिपत्रक शोधून काढलं. शेवटच्या पानावर बोट ठेवून तो सहीतली अक्षरं लावू लागला. "नीट लागत नाही. कुर... कुर्ति..."

"असू दे," आन्सेल्म म्हणाले. "तारीख द्या."

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की उद्या गाडी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर ठरेल.

"आन्सेल्म," लेओकादी म्हणाल्या, "तुझ्याकडे कायदे पुष्कळ आहेत. मला बहीण एकच आहे."

शनिवारी सकाळी आन्सेल्मनी आयुष्यातला पहिला नियम मोडला. दोन तास गाडी ढगासारखी गेली. सासूबाई वाटेत झोपल्यासुद्धा. फिझाकच्या अंगणात दोघी बहिणी एकमेकींना धरून रडल्या आणि आन्सेल्मनाही चष्मा पुसावा लागला. उंची मोजायचा हा नियम बदललाच पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

म्हणजे त्यांनी कागद मागितला. केक कापेपर्यंत दुरुस्तीचा मसुदा तयार झाला : बसणाऱ्या गाड्यांना सवलत मिळावी, सवलतीसाठी अर्ज असावा, अर्जासोबत गाडीच्या स्वभावाचा दाखला असावा, आणि पंच्याऐंशीच्या वरच्या प्रवाशाने दर प्रवासाआधी डॉक्टरकडून बसण्याचा परवाना घ्यावा. पाठिंब्यासाठी कागद टेबलाभोवती फिरला. एकवीस पाहुण्यांनी, एका हातात बशी सांभाळत, सह्या केल्या. सगळ्यात झोकदार सही नव्वद वर्षांच्या बहिणीची होती.

वाचला कोणीच नाही. तुमच्याकडे आला असता, तर तुम्हीही एवढंच विचारलं असतं : "सही कुठे करायची?"