सोमवारची खिचडी

बोंद्रे सर सोमवारी डबा आणत नाहीत. उपास वगैरे काही नाही. सोमवारी दुपारी ते आपली जुनी स्कूटर काढतात, नागपुरातली कुठली तरी शाळा गाठतात आणि पोषण आहाराच्या पातेल्यापाशी जाऊन उभे राहतात. पोरं खिचडी खातात, सर पोरांकडे बघतात. एका नव्या मुख्याध्यापिकेने तर त्यांना गेटबाहेर काढलं होतं. तिचं काही चुकलं नाही. पन्नाशी उलटलेला, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस परक्या पोरांचे घास न्याहाळतोय म्हटल्यावर कुणीही तेच केलं असतं.

आमचं ऑफिस कुठल्या वस्तीत शाळेच्या वयाची किती मुलं गरीब आहेत याचा अंदाज काढतं. थोड्या घरांत जाऊन विचारायचं आणि बाकीच्यांचा हिशोब टेबलावर बसून मांडायचा. सरांचा या टेबलावर काडीचा विश्वास नाही.

"पंखा हाये का विचारलं तं माणूस लाजेकाजेनं हो म्हणते," ते मला सांगायचे. "सोमवारचं पोट्टं खोटं नाही बोलत."

रविवारी शाळा बंद, म्हणजे खिचडी बंद. ज्याला रविवारी घरी धड मिळालं नाही, ते पोर सोमवारी पुन्हा पुन्हा ताट पुढे करतं. पातेलं किती लवकर खरवडलं जातं यावरून सर त्या वस्तीचे हाल सांगतात. हे खूळ त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की लग्नातसुद्धा ते नवरा-नवरीला सोडून पंगतीतल्या पोरांची ताटं बघत फिरतात. कळमन्याचा बाजार बंद असला की तिथल्या शाळेत हजेरी वाढते, हे त्यांनीच मला दाखवलं. बाजार चालू असला की पोरं पोत्यांतून सांडलेलं धान्य वेचायला जातात.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी माझी खरडपट्टी काढली होती. एका घरात माहिती लिहून घेताना तिथली लहान मुलगी माझ्या पर्सकडे बघत होती, म्हणून मी तिला बिस्किटाचा पुडा दिला. सरांनी ते घरच यादीतून उडवलं.

"काहून दिला वं पुडा? त्या घरची भूक बिघडवली तू. मोजणाऱ्यानं हात नाही लावाचा."

मला तेव्हा हा माणूस दगड वाटला. ऑफिसात बऱ्याच जणांना अजूनही वाटतो.

बायको गेल्यावर सरांनी जुन्या महाल भागातलं घर विकलं आणि हुडकेश्वरला फ्लॅट घेतला. तिथे आता इमारतींवर इमारती उठतायत. त्या बांधणारे मजूर मागच्या पत्र्यांच्या शेडमध्ये राहतात आणि त्यांची पोरं जवळच्या शाळेत जातात. गरीब वस्ती म्हणून त्या शाळेला सकाळचा जादा नाश्ता मिळायचा. फ्लॅटवाले आले, वस्तीची सरासरी सुधारली आणि नाश्ता बंद झाला. शेडमधल्या कुणाचंही काही सुधारलं नव्हतं.

"अन् त्या सरासरीत मीबी हाओ," सर म्हणाले. "माह्या पगारानं त्यायचा नाश्ता खाल्ला."

त्यानंतर ते आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागले. साहेबांना पाहून ते जिना चढायचे, लिफ्टमध्ये शिरायचे, एकदा तर न्हाव्याच्या दुकानात शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "ठीक आहे, येत्या सोमवारी दाखवा तुमचं पातेलं. खरं निघालं तर नाश्ता पुन्हा सुरू करायची शिफारस करतो." त्या शनिवारी सरांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला, हे आमच्याकडे आजवर घडलं नव्हतं.

सोमवारी साहेब, सर आणि मी शाळेत गेलो. पोरं ओळीत बसली. खिचडी वाढली. पोरांनी ती सावकाश, गप्पा मारत खाल्ली. दुसऱ्यांदा कुणी ताट पुढे केलं नाही. वाढणाऱ्या बाई डाव घेऊन ओळीतून फिरल्या आणि तशाच परत आल्या. पातेलं अर्धं भरलेलं राहिलं.

"बोंद्रे, तुमची पोरं तर खाऊनपिऊन सुखी आहेत की," साहेब हसत म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

 मी सरांकडे बघत होते, तेवढ्यात हात धुऊन आलेली एक चिमुरडी त्यांच्या शर्टाला लोंबकळली.

"आबाजी, येत्या रविवारी बी पुऱ्या करसान का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाश्ता बंद झाल्यापासून दर रविवारी हा माणूस घरी शेडमधल्या पोरांना जेवू घालत होता. वरण, भात, भाजी, आणि काल पुऱ्या. बायकोच्या मोठ्या पातेल्यात, एकट्याने रांधून.

माझा संताप झाला. "सर, एक रविवार. एकच रविवार थांबता आलं नाही तुम्हाला? हात नाही लावायचा म्हणून मला शिकवलं कुणी?"

ते स्कूटरच्या सीटवर टेकले.

"ठरवलं होतं वं मी. गॅस पेटवला नाही. दाराले आतून कडी लावली, पंखाबी बंद केला, घरात कोणी नाही असं वाटाले पाह्यजे म्हणून. वाजवतील, कंटाळतील, जातील निघून. वाजवलं असतं ना, तं मी उघडलं नसतं." त्यांनी खिशातली पेनं उगाच सारखी केली. "पण वाजवलंच नाही त्यायनं. जिन्यात नुसते बसून राहिले. त्यायले वाटलं, आबाजी झोपले असतील. मोठी पोरगी लहान्याले म्हणे, चूप बस, आबाजीची झोप मोडील."

नाश्ता बंदच आहे. आमच्या नकाशावर हुडकेश्वर आता सुखवस्तू वस्ती आहे, आणि तो आकडा चुकीचा आहे हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. रविवारी पुऱ्या लाटायला मी जाते. सर तळतात, आणि पोरं जेवत असताना त्यांच्या ताटांकडे अजिबात बघत नाहीत.