कासवं आणि व्हर्लिनचा बार

पिस्तुलातून ‘टक्’ एवढाच आवाज आला.

“मी टाळूवर जीभ आपटली तरी याहून मोठा होतो,” नेटा भांडी विसळता विसळता नवऱ्याला म्हणाली.

व्हर्लिन हॅस्केटने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरून वडिलांचं जुनं पिस्तूल उघडलं. दर जुलैत गावातली कासवांची शर्यत सुरू करायचा मान या पिस्तुलाचा. पण घोड्यामागची पट्टीची स्प्रिंग पार दमली होती. कित्येक वर्षं घोडा नुसता टेकायचा, बार उडायचाच नाही, मग व्हर्लिन तोंडाने “चला!” म्हणून ओरडायचा. यंदा शर्यतीच्या समितीतल्या गार्लंड प्रुइटने सांगून टाकलं होतं, “बार उडाला नाही तर पुढच्या वर्षीपासून माझी शिट्टी.”

“काडतूस बिनगोळीचं असलं तरी पिस्तूल ते पिस्तूलच, बाबा,” सून जोलीन म्हणाली. तिची नजर टेबलाखाली होती. तिथे तिचं रांगतं बाळ, क्ले, काहीतरी चघळत होतं. तिने बोट घालून पाहिलं. बिस्किट निघालं. “ती जुनी स्प्रिंग द्या इकडे. हा गिळेल.” आणि तिने ती सगळ्यात वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे ठेवली.

असली स्प्रिंग आता कुठेच मिळत नव्हती. पण व्हर्लिनला एक युक्ती ठाऊक होती. रस्ता झाडणाऱ्या गाडीच्या ब्रशातून पोलादी काड्या गळतात, आणि त्या पोलादाला चांगला ताण असतो. सकाळी गाडी निघाली तशी तिच्यामागे, कमरेत वाकून, गटाराच्या कडेने व्हर्लिन निघाला.

“काय हरवलं रे?” शेजारच्या ओपलने ओसरीवरून विचारलं.

“काडी!”

“कसली?”

“रस्त्याची!”

दुपारी ओपल चीज घातलेल्या मकरोनीचं मोठं भांडं घेऊन दारात उभी. नेटाचा हात हातात घेऊन म्हणाली, “धीर धर गं. आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं.” संध्याकाळपर्यंत घरोघरून सांत्वनाची असली चार भांडी जमली, आणि गार्लंडचा निरोपही आला: डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल द्यायचं का, यावर समितीने विचार करावा.

“आता तर बार उडालाच पाहिजे!” व्हर्लिन गरजला. पण दिवसभरात त्याला एकच काडी सापडली होती, तीही गंजलेली.

दुसऱ्या दिवशी जोलीन बाळाला बाबागाडीतून फिरवून आली आणि तिने टेबलावर मूठभर काड्या टाकल्या.

“एवढ्या? कुठे मिळाल्या?”

“तुम्ही काडी शोधता, बाबा. मी हा काय तोंडात घालेल ते शोधते.”

मग तिलाही राहवेना. कानशीने घासणं, वाकवणं, एक पुरेना म्हणून दोन जोडणं, सगळं ती खुर्ची ओढून बघत बसली. एक पाय मात्र टेबलाखाली, बाळाच्या वाटेत आडवा.

शर्यतीच्या दिवशी हिरवळीवर फक्कीचं रिंगण आखलं होतं. मध्ये पोरांची कासवं, भोवती सगळा गाव; जे आधी रेघेबाहेर पडेल ते जिंकणार. व्हर्लिनने हात उंचावला, गार्लंडने शिट्टी ओठात धरली.

ठाँय!

कबुतरं उडाली. क्लेने भोकाड पसरलं. ओपलच्या हातातलं सरबत सांडलं. आणि रिंगणातल्या प्रत्येक कासवाने डोकं, पाय, शेपटी, होतं नव्हतं ते सगळं आत घेतलं.

लोक वाट बघत राहिले. पोरं पालथी पडून कवचांना विनवू लागली. बऱ्याच वेळाने एका कासवाने नाकाचं टोक बाहेर काढलं. आपली संधी आली असं वाटून गार्लंडने जोरात शिट्टी फुंकली. नाक आत गेलं.

समितीची बैठक तिथेच, उभ्या उभ्या झाली. ठरलं असं: शिट्टी कायमची बंद, सुरुवात व्हर्लिननेच करायची, पण पूर्वीसारखी.

घरी येऊन व्हर्लिन घसा खाकरत म्हणाला, “जोलीन, ती जुनी—”

ती आधीच स्टुलावर चढली होती. मिठाच्या बरणीमागून तिने स्प्रिंग काढून दिली. व्हर्लिनने ती बसवली, स्क्रू पिळले, घोडा ओढला.

टक्.

टेबलाखाली क्ले बिस्किट चघळत राहिला.

“हां,” जोलीन म्हणाली, “आता झालं दुरुस्त.”